बुडणाऱ्या बोर्डवरून सुरुवात: कमी लिटरच्या विंग फॉइल बोर्डसाठी मार्गदर्शन

विंग फॉइलिंग म्हणजे फुगवलेले शिड (विंग) हातात धरून, खाली मास्ट नावाच्या दांड्याला पाण्यातले पंख (फॉइल) लावलेल्या बोर्डवरून पाण्याच्या वर उडत जाण्याचा खेळ. तो शिकताना जो पहिला बोर्ड हाती येतो, त्याचे आकारमान शिकणाऱ्याच्या वजनाच्या आकड्यापेक्षा साधारण 30 ते 40 लिटरने जास्त असते. त्यावर गुडघे टेकून बसता येते, विंग हातात धरून थोडा दम खाता येतो आणि वारा पडला तरी बोर्ड पाण्यावर तरंगत राहतो. पुढे फॉइलवर दोन्ही दिशांना स्थिर जाता येऊ लागले आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, चढता येऊ लागले, की हाच बोर्ड वळताना अवजड वाटू लागतो आणि लहान बोर्डाची ओढ लागते. लहान बोर्ड पायाखाली चपळ असतो, उडताना चुकून पाण्याला टेकला तर लगेच सुटतो आणि फॉइल काय करते आहे हे तळपायांना स्पष्ट कळू देतो. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे: उभे असलेल्या माणसाला घेऊन तो तरंगत नाही. चढताक्षणी तो पाण्याखाली जातो, आणि पाण्याखालून पृष्ठभागावर येण्याचे कौशल्य मोठ्या बोर्डवर कोणालाच शिकावे लागलेले नसते. हा लेख त्या पहिल्या मिनिटाविषयी आहे.

येथे असे गृहीत धरले आहे की वजनाइतक्या लिटरच्या बोर्डवर वाचकाला दोन्ही बाजूंनी हुकमी सुरुवात करता येते आणि निघाला त्याच जागी परत येता येते. यातले दुसरे जमत नसेल, तर लहान बोर्ड अजून काही काळ लांब ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वजनाचा हिशेब

लहान बोर्डवर चढणाऱ्याची पहिली तक्रार तोल जाण्याची असते. परंतु तोलाच्या आधी वजनाचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण तो समजला की कमरेपर्यंत पाणी चढले म्हणजे काहीतरी चुकले, ही भीती उरत नाही. 75 किलोचा माणूस, साडेपाच किलोचा बोर्ड आणि साडेचार किलोची फॉइल धरली, तर एकूण वजन 85 किलो होते. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे 1.025 किलो असते; म्हणून 55 लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाल्यावर सुमारे 56 किलोचा भार उचलतो. उरलेले 29 किलो कोणी तोलायचे? ते तुमचे शरीरच तोलते. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असल्याने शरीराचा जेवढा भाग पाण्यात जातो तेवढा जवळपास स्वतःच तोलला जातो. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश, म्हणजे या माणसाच्या बाबतीत 25 किलोच्या आसपास भरतात. याचा अर्थ असा की गुडघ्यांवर बसल्यावर त्याचे पाय पूर्ण पाण्यात जातील, पाणी कमरेच्या थोडे वर येईल, आणि तिथे बोर्ड खाली जायचा थांबेल.

हाच हिशेब 65 लिटरच्या बोर्डसाठी केला तर तूट 18 किलोची येते आणि पाणी मांड्यांवर थांबते. 75 लिटरच्या बोर्डवर ती 8 किलोची असते आणि पोटऱ्या भिजतात, एवढेच. तिन्ही बोर्ड बुडणारेच आहेत, पण त्यांच्यावरून सुरुवात करण्याचा अनुभव अगदी वेगळा असतो. म्हणून एकदम 110 लिटरवरून 55 लिटरवर उडी न मारता एका वेळी 15 ते 20 लिटर कमी करत यावे. जाड वेटसूट काही किलोंचा आधार देतो, तो गोव्याच्या उबदार पाण्यात नुसत्या लायक्रा शर्टवर मिळत नाही. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित कमी उचलते. 55 लिटरच्या बोर्डमागे हा फरक दीड किलोच्या आत राहतो, त्यामुळे त्याची फार चिंता करू नये.

या हिशेबात अजून दोन भागीदार यायचे आहेत. विंग डोक्यावर धरून तिच्यात वारा भरला की ती काही किलो वजन वर ओढते, आणि बोर्ड पुढे सरकू लागला की पाण्याखालची फॉइल उचलू लागते. लहान बोर्डाची सुरुवात म्हणजे शरीराचे वजन पाण्याकडून विंगकडे आणि विंगकडून फॉइलकडे क्रमाक्रमाने सोपवणे होय. जो नवशिका हे तिन्ही टप्पे एका झटक्यात उरकू पाहतो, तो पडतो.

वारा, जागा आणि खोली

फॉइलवर उडत राहायला जेवढा वारा लागतो, त्याहून लहान बोर्डवरून उठायला जास्त लागतो. वर सांगितलेल्या वजनाच्या माणसाने 55 लिटरच्या बोर्डसह शिकताना 16 ते 20 नॉट, म्हणजे ताशी 30 ते 37 किलोमीटर, असा अखंड वारा शोधावा. पाण्यावर सर्वत्र पांढरे फेसाळ माथे दिसत असले तर वारा या टप्प्यात आहे असे समजायला हरकत नाही; ते तुरळक दिसत असले तर मोठा बोर्ड काढावा. विंग नेहमीपेक्षा एक आकार मोठी घ्यावी, उदाहरणार्थ 4 चौरस मीटरऐवजी 5. फॉइलचा पुढचा, पाण्याखालचा पंख मात्र मोठ्या बोर्डवर वापरत होता तोच, कमी वेगात उचलणारा ठेवावा. बोर्ड आणि फॉइल एकाच दिवशी बदलले तर नेमके काय अडते आहे ते कळत नाही.

वाऱ्याची दिशा किनाऱ्याकडे तिरकी येणारी असावी. मतलई वाऱ्यात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात, बुडणारा बोर्ड घेऊन कधीही उतरू नये. मोठ्या बोर्डवर वारा पडला तर गुडघ्यांवर बसून हळूहळू परतता येते. लहान बोर्डवर ती सोय नसते, आणि या एका फरकामुळे जागेची निवड बदलते. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे येतात आणि त्यांची दिशा शिकणाऱ्याला सोयीची असते. परंतु हे वारे पुष्कळदा सौम्य राहतात; तिथे वजनापेक्षा 10 लिटर कमी असलेला बोर्ड पुरेसा आहे, 20 लिटर कमी असलेला नेहमी चालेलच असे नाही. पावसाळ्यात वारा भरपूर असला तरी खवळलेला समुद्र आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा शिकण्यासाठी नसतात.

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को उपसागरात, जिथे बरीच मराठी मंडळी राहतात, उन्हाळ्यात गोल्डन गेटमधून येणारा पश्चिमेचा वारा लहान बोर्डसाठी फार चांगला असतो. तरीही तिथल्या दोन जागांमधला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. क्रिसी फील्डला किनाऱ्याजवळ वारा मंद आणि मध्यभागी जोरदार असतो. मोठ्या बोर्डवर तो मंद पट्टा ओलांडता येतो, पण बुडणाऱ्या बोर्डवरचा माणूस त्यातच अडकतो, आणि ओहोटी लागली असेल तर प्रवाह त्याला गोल्डन गेट पुलाखालून खुल्या समुद्राकडे नेऊ लागतो. अलामेडाच्या क्राउन बीचवर वारा किनाऱ्याकडे आणतो, म्हणून तिथे शिकणे कितीतरी सुरक्षित आहे. अट एवढीच की भरतीची वेळ पाहून जावे, कारण ओहोटीला तिथे पाणी दूरपर्यंत उथळ होते.

खोलीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा सांगतो आहे. मोठा बोर्ड पृष्ठभागावर असतो, म्हणून 85 सेंटिमीटरच्या मास्टला छातीइतके पाणी पुरते. लहान बोर्ड सुरुवातीला स्वतःच अर्धा मीटर किंवा त्याहून खाली गेलेला असतो. त्याच्याखाली मास्ट आणि फॉइल धरली तर फॉइल सुमारे दीड मीटर खोलीपर्यंत पोहोचते. सुरक्षित अंतर ठेवायचे तर पावणेदोन ते दोन मीटर पाणी हवे, म्हणजेच बोर्डवर चढताना तुमचे पाय जमिनीला लागणार नाहीत. त्यामुळे जमिनीवर उभे राहून चढण्याची सवय या बोर्डसाठी निरुपयोगी आहे. पोहत चढणेच शिकावे लागते.

वाऱ्याविना सराव

एखाद्या निवांत सकाळी, वारा नसताना, फॉइल लावलेला बोर्ड घेऊन खोल आणि शांत पाण्यात जावे आणि विंगशिवाय फक्त गुडघ्यांवर बसण्याचा सराव करावा. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा यातच आहे. रिकामी कळशी पालथी धरून पाण्यात दाबली की ती जशी बाजूला निसटून उसळते, तसाच हा बोर्ड निसटू पाहतो. त्याला बळाने दाबून ठेवता येत नाही. आपले वजन त्याच्या बरोबर मध्यावर ठेवले, तरच तो शांत होतो. पाण्याखाली गेलेला बोर्ड हलतो खरा, पण पृष्ठभागावरच्या बोर्डपेक्षा सावकाश हलतो, कारण मास्ट आणि फॉइलबरोबर आता तो स्वतःही पाण्यात आडवा येतो आणि त्याची प्रत्येक हालचाल मंद होते. ही मंदगती एकदा शरीराला उमगली की धांदल आपोआप कमी होते. हात पाण्यात पसरून, नजर क्षितिजावर ठेवून, श्वास मोकळा ठेवून सलग मिनिटभर बसता येऊ लागले की विंग हाती घ्यावी.

बोर्डवर चढणे

हेल्मेट, इम्पॅक्ट व्हेस्ट (आघात झेलणारे जाकीट) आणि पायात निओप्रीनचे बूट हे येथे अनिवार्य समजावे, कारण चढताना पाय मारले की टाच फॉइलच्या धारेवर आदळू शकते. बोर्डाची लीश, म्हणजे त्याला तुमच्याशी जोडणारी दोरी, कमरेला बांधलेली असली तर ती फॉइलपासून दूर राहते. विंग आधीच सरळ करून घ्यावी, म्हणजे तिची हँडले तुमच्याकडे येतील आणि बोर्डवर बसल्यावर ती उलटवण्याची कसरत उरणार नाही.

वाऱ्याकडे पाठ करावी. समोर बोर्ड वाऱ्याला आडवा आणि त्याच्यापलीकडे विंग असा क्रम ठेवावा. एका हाताने विंगचे पुढचे हँडल धरावे, म्हणजे विंग वाऱ्याच्या खालच्या बाजूला निशाणासारखी पडून राहते आणि ओढत नाही. दुसऱ्या हाताने बोर्डाची पलीकडची कड किंवा वरची खाच पकडून छाती बोर्डवर आणावी, शरीर बोर्डाच्या लांबीत वळवावे आणि मग दोन्ही गुडघे पोटाखाली ओढून घ्यावेत. या क्षणी बोर्ड बुडू लागतो. त्याला बुडू द्यावे. गुडघे मास्टच्या जागेच्या किंचित पुढे, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर टेकलेले असावेत. योग्य जागा सापडली की बोर्डवर खूण करून ठेवावी, कारण पाण्याखाली ती डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपावी लागते. चिकटपट्टीचा जाड तुकडा यासाठी चांगला.

विंगची फुगवलेली पुढची कड पाण्यावर टेकलेली असेपर्यंत ती बाजूचा आधार असते. तिच्यावर हात टेकवून तोल सावरावा, पण सगळे वजन तिच्यावर टाकू नये, नाहीतर बोर्ड विरुद्ध बाजूला निसटतो. पुढच्या कृतीची घाई नसते. इथे थांबून वारा पाहावा, येणारी झोत पाण्यावरच्या गडद पट्ट्यावरून ओळखावी, आणि दोन मोठ्या लाटांमधली सपाट जागा निवडावी.

विंग वर, मग पुढे

विंग उचलताना एक नवी अडचण जाणवते. तुम्ही नेहमीपेक्षा अर्धा मीटर खाली बसलेले असता, आणि 5 चौरस मीटरच्या विंगचा पसारा 3 मीटरहून अधिक असतो. त्यामुळे विंग जराशी जरी तिरकी झाली तरी तिचे खालचे टोक पाण्यात अडकते आणि विंग उलटते. म्हणून पुढचे हँडल धरून विंग आधी सरळ डोक्यावर न्यावी, हात ताठ ठेवावेत, आणि मगच मागच्या हाताने हँडल पकडून हळूहळू वारा भरावा. विंग वर ओढू लागली की गुडघ्यांवरचा भार हलका होतो आणि बोर्ड एखाद-दोन वीत वर येतो. मागचा हात एकदम आत ओढला तर विंग आडवी ओढते, आणि खाली अजून वेग नसल्यामुळे माणूस वाऱ्याच्या खालच्या बाजूला कलंडतो.

बोर्डाची दिशा वाऱ्याला काटकोनात किंवा त्याहून किंचित खाली असावी. वाऱ्याच्या वर चढण्याचा मोह या टप्प्यावर आवरावा, कारण वर रोखलेला बुडालेला बोर्ड पुढे जाण्याऐवजी आडवा घसरतो. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोर्डाचे पुढचे टोक. ते मागच्या टोकापेक्षा खाली असेल तर बोर्ड पुढे सरकताच आणखी खोल जातो. ते फारच वर असेल तर बोर्डाचा सपाट तळ पाण्याला आडवा येऊन ब्रेक लागतो, आणि मग बोर्ड तुमच्या पायांखालून पुढे निसटून तुम्ही पाठीवर पडता. पुढचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम भेदत आहे, एवढाच चढ हवा. तो साधण्यासाठी कंबर दोन-चार बोटे मागे-पुढे केली तरी पुरते.

यानंतरचे काही सेकंद बोर्ड चालण्याच्या गतीने, पाण्याखालूनच सरकत राहतो. नवशिक्याला वाटते की काहीच घडत नाही, आणि तो उठायला जातो. प्रत्यक्षात याच वेळी फॉइल काम करू लागलेली असते. विंग डोक्याच्या थोडी पुढे धरून तिला लयीत खाली आणि कमरेकडे ओढावे, मग पुन्हा वर सोडावे. हे तीन-चारदा केले की बोर्ड पृष्ठभागापर्यंत येतो. वरचे पाणी ओसरले की बोर्ड मोकळा होतो आणि वेग अचानक वाढतो. या वेगाची तयारी ठेवून मागचा हात किंचित सैल सोडावा.

उभे राहणे

उठण्याचा क्षण बोर्ड पृष्ठभागावर येऊन सरकू लागल्यानंतरचा आहे. विंग उंच आणि भरलेली ठेवून, जणू तिला लटकूनच, पुढचे पाऊल छातीखाली मध्यरेषेवर आणावे, आणि लगेच मागचे पाऊल मास्टवर ठेवावे. विंग खाली आली की सगळे वजन अचानक बोर्डवर पडते आणि तो पुन्हा बुडतो. उठताना फसलेल्या प्रयत्नांपैकी बहुतेकांचे कारण हेच असते. उठण्याआधी पायांची बोटे बोर्डवर रोवून घेतली तर पाऊल घसरत पुढे न्यावे लागत नाही. पाहायचे ते दूरवरच्या एका ठिकाणाकडे. पायाकडे पाहिले की डोके पुढे झुकते, डोक्यामागे खांदे जातात आणि पुढचे टोक बुडते.

उभे राहिल्यावर मागचा पाय दाबून फॉइलला जबरदस्तीने उठवू नये. गुडघे वाकवून वेग वाढू द्यावा, आणि फॉइल उचलू लागली की पुढच्या पायावर वजन आणून तिला पाण्यापासून एक-दोन वीतभर उंचीवर धरावे. लहान बोर्डाचे वजन कमी आणि लांबीही कमी, म्हणून तो मोठ्या बोर्डपेक्षा लवकर वर झेपावतो. पहिल्या उड्डाणात बहुतेक जण मागे पडतात ते यामुळे. पायपट्टे असतील तर सुरुवातीच्या दिवसांत काढून ठेवावेत, गुडघ्यांना जागा मिळते.

वारा जेमतेम असताना अनुभवी लोक बोर्ड पाण्याखाली असतानाच उभे राहतात आणि पाय व विंग एकत्र पंप करून, म्हणजे लयीत दाबून-ओढून, वर येतात. ही पद्धत सुंदर आहे, परंतु गुडघ्यांवरची सुरुवात दोन्ही बाजूंनी पक्की झाल्यावरच तिच्याकडे वळावे. दोन्ही बाजूंनी हे मी मुद्दाम म्हणतो. प्रत्येकाची एक बाजू दुबळी असते आणि परतीचा प्रवास नेमका त्याच बाजूने करावा लागतो.

दमणे आणि परतणे

प्रत्येक फसलेली सुरुवात मोठ्या बोर्डवरच्या फसलेल्या सुरुवातीपेक्षा कितीतरी जास्त दमवते, कारण दरवेळी पोहून, चढून, बुडून पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. सलग काही प्रयत्न फसले तर बोर्डवर पालथे पडून श्वास स्थिर होऊ द्यावा. पालथे पडल्यावर शरीराचा बराच भाग पाण्यात असल्याने 55 लिटरचा बोर्डही माणसाला आरामात धरतो. हात थरथरू लागण्याआधी, म्हणजे अजून थोडी ताकद शिल्लक असताना, किनाऱ्याकडे वळावे. जितक्या अंतरावरून साहित्यासह पोहत परतता येईल तितकेच दूर जावे, आणि सोबतीला पाण्यात किंवा किनाऱ्यावर कोणीतरी पाहणारे असावे.

वारा पूर्ण पडला तर बोर्ड आणि विंग दोन्ही सोडू नयेत. फुगवलेली विंग हे तुमच्याजवळचे सर्वांत मोठे तरंगते साधन आहे, आणि दुरून दिसणारी खूणही तीच. वारा किनाऱ्याकडे थोडासा वाहत असेल तर बोर्डवर पालथे पडून विंगची पुढची कड हातात धरावी आणि वाऱ्यालाच ओढू द्यावे. वारा अजिबात नसेल तर विंग उलटी करून पाठीमागे लीशवर सोडावी आणि दोन्ही हातांनी वल्हवत यावे. ती फारच अडवू लागली, तरच हवा काढून गुंडाळून बोर्डवर ठेवावी. ही परत येण्याची पद्धत बोर्डवर उभे राहायला जमण्याआधी, किनाऱ्याजवळ, एकदा प्रत्यक्ष करून पाहावी.

सुरुवात दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लाटांत हुकमी होऊ लागली की मग विंग एक आकाराने लहान करावी; त्यानंतर फॉइल लहान करावी; आणि बोर्डाचे लिटर आणखी कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.